बी आणि खत एकाच फेरीत पेरायचं तर पेटीआधी फणांकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जुना नऊ फणी कल्टिव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडायचं, फण म्हणजे लोखंडी दाते असलेलं माती उकरायचं अवजार) पडून आहे, त्यावर पेटी बसवून मक्याच्या तीन ओळी दोन-दोन फुटांवर पेरायच्या आहेत, आणि बी व दाणेदार खत कालवून एकाच नळीतून सोडलं तर काम भागेल का.

नाही भागणार. हा हट्ट मी एक हंगाम करून बघितलाय. मक्यात डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं दाणेदार खत) आणि थोडा युरिया कालवला, पेटी भरली आणि निघालो. पेटी हादरत जाते तसे खताचे बारीक दाणे खाली बसतात आणि मक्याचं जाड बी वर येतं. त्यामुळे प्रत्येक भरणीच्या सुरुवातीच्या ओळी विरळ आणि शेवटच्या गच्च. त्यातही विरळ ओळीत जे पडलं तेही धड उगवलं नाही. उकरून पाहिलं तर मोड आलेला, पण टोक तपकिरी पडून सुकलेलं. युरिया ओल्या मातीत विरघळला की त्यातून अमोनिया निघतो, डीएपीतूनही थोडा निघतोच, आणि कोवळ्या मोडाला तो सोसत नाही. शिवाय खताचा खार मुळाच्या टोकातलं पाणी ओढून घेतो. रेताड जमीन असेल किंवा पेरणीनंतर ओल कमी पडली तर इजा जास्त. पोटॅश बियाला चिकटून पडलं तरी तीच गत.

म्हणून खत बियाच्या बाजूला ५ सेंमी आणि खाली ५ सेंमी. या एका मापासाठीच सगळं यंत्र बांधायचं आहे, बाकी पेट्या नि साखळ्या सोयीसाठी. बैलाच्या जुन्या पाभरीला, म्हणजे पेरणीच्या अवजाराला, दोन चाडी (बी सोडायची भांडी) असत, तिलाही बी आणि खत वेगवेगळ्या चाड्यांतूनच सोडत, ते उगाच नव्हे.

हे माप साधायचं तर एका ओळीला दोन फण लागतात. कल्टिव्हेटरच्या पुढच्या आडव्या दांड्यावरचा फण खताचा, साधारण १० सेंमी खोल. मागच्या दांड्यावरचा बियाचा, ५ सेंमी खोल, आणि खताच्या रेषेपासून ५ सेंमी बाजूला सरकवलेला. म्हणजे तीन ओळींना सहा फण, उरलेले तीन काढून ठेवा. दोन दांड्यांत हातभर अंतर असू द्या, म्हणजे पुढच्या फणाने उकरलेली माती परत पडून खत झाकलं जाईल आणि मगच बियाचा फण तिथे पोचेल. अंतर कमी असेल तर बी त्याच भुसभुशीत चरात घरंगळतं आणि खतावर जाऊन बसतं. धसकटंही (आधीच्या पिकाचे बुडखे) दोन फणांत अडकून ढीग करतात. फण वेल्डिंगने कायमचे बसवू नका, यू-बोल्टने आवळा. पहिल्या दिवशी ते दहा वेळा सरकवावे लागणार आहेत. बियाचा फण अरुंद हवा, रुंद पात्याचा फण ओली माती वर फेकतो आणि कोरडी खाली जाते.

आता बी-खत सोडण्याची यंत्रणा. पेटीच्या बुडाला भोक आणि त्यावर सरकती पट्टी, हा प्रकार खूप जण करतात. त्यात एक मूळचीच खोट आहे: भोकातून खत वेळेच्या हिशेबाने पडतं, अंतराच्या नाही. ट्रॅक्टर जोरात गेला की खत कमी, हळू गेला की जास्त. म्हणून बी आणि खत दोन्ही जमिनीवर फिरणाऱ्या चाकावरून चालवा. खतासाठी खाचांचा प्लॅस्टिकचा रूळ, बियासाठी खाचांची तबकडी. चाकाला पत्र्याच्या किंवा अँगलच्या पट्ट्या लावा, नाहीतर भुसभुशीत रानात ते फिरण्याऐवजी फरफटतं. साखळी सायकलची चालते. सायकलचं फ्रीव्हीलही जरूर बसवा. चाक उलटं फिरलं तरी तबकडी उलटी फिरत नाही आणि बी ठेचत नाही. (माझ्या यंत्रातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच.)

हिशेब कागदावर नको, रानात करा. चाकावर खडूची खूण करा, फण जमिनीत घालून दहा फेरे मोजा आणि अंतर टेपने मोजा. ४० सेंमी व्यासाचं चाक कागदावर दहा फेऱ्यांत १२.५६ मीटर जातं. रानात समजा १३.४ मीटर भरलं, तर एका फेऱ्याला १३४ सेंमी धरा. चाक आणि तबकडी एकास एक फिरत असतील आणि तबकडीला ७ खाचा असतील तर दोन दाण्यांत १९ सेंमी पडेल, ६ खाचा असतील तर २२. खताचंही तसंच. एकरी ४० किलो म्हणजे चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम. ओळींत ६० सेंमी अंतर असेल तर एका फेऱ्यात एका ओळीचं ०.८ चौरस मीटर रान होतं, म्हणजे ८ ग्रॅम. यंत्र उचलून धरा, नळ्यांखाली पिशव्या बांधा, चाक हाताने वीस वेळा फिरवा. प्रत्येक पिशवीत १६० ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. तिन्ही पिशव्या वेगवेगळ्या तोला, एकूण वजन बरोबर असूनही एक नळी उपाशी असू शकते. खताचा प्रकार बदलला की हे सगळं पुन्हा.

नळ्या पारदर्शक घ्या आणि शक्य तितक्या उभ्या ठेवा. आडवी पडलेली नळी दमट हवेत तासाभरात बुजते आणि ट्रॅक्टरवर बसून ते कळतही नाही. बियाच्या नळीचं तोंड मातीच्या जितकं जवळ तितकं बी कमी उसळतं. यंत्र उभं असताना खाली टेकवू नका, ट्रॅक्टर हलता ठेवूनच टेकवा. नाहीतर फणामागच्या नळीत मातीचा बूच बसतो. फण जमिनीत असताना मागे तर अजिबात घेऊ नका.

खताच्या पेटीला साधा पत्रा वापरलात तर दोन हंगामांत चाळण होईल. प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून घ्या, रुळाचा दांडा स्टेनलेसचा आणि बुश नायलॉनचे. संध्याकाळी खत पेटीत ठेवायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी. रात्रीत त्याचा दगड होतो आणि सकाळी पहिली साखळी तुटते. पेटी शक्य तितकी ट्रॅक्टरच्या जवळ बसवा. भरलेली पेटी मागे लांब गेली की छोट्या ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं.

वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावर आधी एक ओळ पेरा, खुरप्याने दहा ठिकाणी आडवी माती कापून बी आणि खत कुठे पडलंय ते पट्टीने मोजा. दोन ठिकाणी जरी खत बियाला चिकटलेलं दिसलं तर फण अजून बाजूला घ्या, पुढची ओळ नंतर.

तुमच्या कल्टिव्हेटरच्या दोन दांड्यांतलं अंतर आणि जे चाक लावणार आहात त्याचा व्यास कळवा, तबकडीच्या खाचा आणि स्प्रॉकेटचे (साखळीच्या चक्राचे) दाते काढून देतो.