पीळ सुटला, पण पुन्हा बसला तर?

प्रश्न : सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. पार्किन्सनमुळे अंथरुणाला खिळल्या आहेत, हृदयाचे पंपिंगही कमी आहे. सहा महिन्यांत मोठ्या आतड्याला दोनदा पीळ बसला, दोन्ही वेळा दुर्बिणीने सुटला. सर्जन ऑपरेशन सुचवतात, भूलतज्ज्ञ धोका सांगतात. मधला मार्ग आहे का?

उत्तर : आहे, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दुर्बिणीने पीळ सुटतो, कारण तसेच राहते. डाव्या बाजूचे सिग्मॉइड आतडे जुन्या बद्धकोष्ठाने लांब आणि सैल झालेले असते, त्याला धरून ठेवणारा पडदा मुळाशी अरुंद असतो. म्हणून नुसता पीळ सोडवलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना तो पुन्हा बसतो. पीळ सोडवल्यावर गॅस निघत राहावा म्हणून गुदद्वारातून घातलेली नळी एक ते तीन दिवस आत ठेवतात, तीही तेवढ्यापुरतीच.

सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा : डाव्या कुशीत लहान छेद घेऊन, कण्यातल्या भुलेवर तो भाग काढता येईल का? सिग्मॉइड इतके सैल असते की लहान छेदातूनही सहज बाहेर येते. पोटात गॅस भरून केलेली लॅप्रोस्कोपी कमी त्रासाची वाटते, पण त्या दाबाने दुर्बळ हृदयावर ताण येतो.

तेही झेपणार नसेल तर आतडे पोटाच्या भिंतीला टाचून ठेवता येते. आतडे स्वच्छ करून, अँटिबायोटिक देऊन, हलक्या गुंगीत कोलोनोस्कोप (मोठ्या आतड्याची दुर्बीण) आत नेतात. दुर्बिणीचा उजेड पोटावर दिसला आणि बाहेरून दाबलेले बोट आत उमटले, तरच तिथे सुई घालायची. उजेड दिसत नसेल तर मध्ये दुसरे आतडे असू शकते, तिथे टोचणे म्हणजे त्याला भोक पाडणे. मग पोटाच्या भिंतीतून आतड्यात नळी बसवून आतली व बाहेरची चकती लावतात, म्हणजे आतडे भिंतीला धरून राहते. नळ्या शक्यतो दोन हव्यात, थोड्या अंतरावर. एकाच खुंटीला अडकवलेले आतडे त्या खुंटीभोवतीच फिरू शकते. पोट फुगले तर याच नळीतून गॅस सोडता येतो.

बाहेरची चकती फार आवळली तर आतली चकती भिंतीत रुतते, सैल राहिली तर विष्ठा झिरपते. सर्वात मोठी भीती म्हणजे गोंधळलेल्या रुग्णाने नळी ओढून काढणे. मग विष्ठा पोटात पसरून जिवावर बेतू शकते. पोटाला पट्टा बांधा, नळ्या हाताला लागू देऊ नका. नळ्या काढल्यावर पीळ परत येऊ शकतो, म्हणून बहुधा कायमच ठेवतात.

पार्किन्सनसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध चालू आहे का, ते पाहा. त्याने आतडे मंदावते. मनाने बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टना विचारा. शौच मऊ ठेवणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यातून रोज देता येईल का, हेही डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

हे सगळे सिग्मॉइडच्या पिळाबद्दल झाले. उजवीकडच्या सीकमचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) पीळ दुर्बिणीने सहसा सुटत नाही.

पोट ताठ फुगले आणि वात सरेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत ताप, थांबत नाही अशी वेदना किंवा शौचात रक्त असेल तर आतडे काळे पडू लागल्याची शंका धरतात. तेव्हा दुर्बिणीने पीळ सोडवण्यात वेळ घालवता येत नाही, मृत भाग लगेच काढावा लागतो. असे ऑपरेशन सासूबाईंसाठी किती झेपणारे आहे, हे घरच्यांनी आताच डॉक्टरांशी बोलून ठेवा. मध्यरात्री कॅज्युअल्टीत हा निर्णय घेणे फार कठीण जाते.