पन्नाशीनंतर घोड्यावर (दोन बाजूंच्या शिडीवर) चढवत नाही, तर इलेक्ट्रिशियनने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५३, राहायला कात्रज, २७ वर्षं घरांचं वायरिंग केलंत. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी शिडी बंद सांगितलीय, आणि घरचे म्हणतात सोसायटीत वॉचमन म्हणून लागा. याहून बरं काही आहे का?

वॉचमनचं आधी निकालात काढतो. खुर्ची दिसते म्हणून ते काम आरामाचं वाटतं. प्रत्यक्षात बारा तासांची पाळी, गेटसाठी पन्नास वेळा ऊठबस आणि रात्री राउंड. गुडघे तिथेही जाणारच, वर २७ वर्षांचा हात फुकट. घरात उद्याची चूल पेटायचा प्रश्न असेल तर जरूर धरा, पण दोन-चार महिने काढता येत असतील तर धरू नका.

मी ५८ चा, धनकवडीत राहतो, तुमच्याच धंद्यातला. २०१७ साली बाणेरच्या एका साइटवर घोड्यावरून पडलो. उंची जेमतेम पाच फूट. ठेकेदाराने रिक्षाचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला. आठ महिने घरी बसलो. साखर होतीच, त्यात खांदा आखडला. (तुम्हीही एकदा साखर तपासून घ्या. खांदा आखडणं आणि मधुमेह यांची जोडी जुनी आहे, आणि आपण मात्र सगळा दोष हॅमर मशीनला देत बसतो.)

त्या आठ महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. आपल्या कामातलं अंग मोडणारं काम मोजकंच असतं: झिरी मारणं (पाइपासाठी भिंतीत खाच पाडणं), पाइपातून वायर ओढणं, हात वर करून पंखे-लाइट लावणं, गच्चीवरची कामं. डीबी (घरातली सर्किटं जिथून वाटली जातात ती पेटी) बांधणं, लोड म्हणजे किती वीज लागेल ते काढणं, मोजमाप, एस्टिमेट, फॉल्ट शोधणं, तपासणी यांना गुडघा लागत नाही. पण आपण आयुष्यभर पैसे घेतले ते पॉइंटामागे (एकेका दिव्या-पंख्या-सॉकेटमागे), म्हणजे अंगमेहनतीचे. डोक्याचं काम आपण त्यात फुकट घालत आलो. आता अंग संपलं आणि डोक्याला दरच ठरलेला नाही, अशी आपली गोची आहे.

एक उदाहरण देतो. सहकारनगरमध्ये एका आजोबांकडे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप व्हायची, म्हणजे उडायची. दोघे येऊन गेले, दोघांनीही आरसीसीबी बदलली. तिसऱ्याने गीझर खराब आहे म्हणून सांगितलं. मी गेलो तेव्हा धड उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्ची मागून डीबीसमोर बसलो आणि नुसते प्रश्न विचारले. ट्रिप कधी होते? संध्याकाळी. दिवसा कधीच नाही? नाही. गीझर तर सकाळी चालतो. मग संध्याकाळी काय लावता? देवघरातला दिवा, हॉलमधली ट्यूब, धुण्याच्या बाल्कनीतला बल्ब. बाल्कनीतला बल्ब कधी बसवला? दिवाळीत. ट्रिपिंग सुरू झालं तेही दिवाळीपासून.

त्या घरात आरसीसीबी फक्त पॉवरच्या सर्किटांना होती, लाइटचं सर्किट तिच्या बाहेर. बल्ब बसवणाऱ्याने फेज लाइटच्या बोर्डातून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून गीझरच्या बॉक्समधून. आरसीसीबी एवढंच बघते की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का. इथे परत येणाऱ्यात बल्बचा जास्तीचा करंट मिसळत होता. ९ वॅटचा एलईडी म्हटलं तरी चाळीस मिलीअँपिअरच्या पुढे, आणि घरातली आरसीसीबी ३० मिलीअँपिअरची. ती उडणारच. सोबतच्या पोराला सांगून न्यूट्रल लाइटच्या सर्किटवर घेतला, विषय संपला.

आणि मी घेतले किती? शंभर रुपये! आजोबा म्हणाले, "एक वायर तर हलवलीत," आणि मला पुढे बोलवेना. पुण्यात पैसे मागायला वेगळी छाती लागते, तुम्हाला काय सांगायचं. घरी आल्यावर बायको म्हणाली, रिक्षालाच त्याहून जास्त गेले असतील. गेलेही होते.

तेव्हापासून फोनवरच सांगतो: येऊन बघायचे ४०० रुपये, दुरुस्तीचे वेगळे, दुरुस्ती माझ्याकडूनच करा असा आग्रह नाही. पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांनी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. जे राहिले ते आजही आहेत. माझ्या मते तुमचाही मुख्य मार्ग हाच आहे: फॉल्ट शोधणं आणि तपासणी. पेठांमधले जुने वाडे, तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्या, वर नंतर बसवलेले इन्व्हर्टर, एसी, गाड्यांचे चार्जर. एवढ्या गुंत्यात पॉइंट मारणारे पुष्कळ आहेत, शोधणारे फार थोडे.

यासाठी हत्यारं लागतात. चांगला मल्टिमीटर, लीकेजचा, म्हणजे गळणारा करंट मिलीअँपिअरमध्ये दाखवणारा क्लॅम्प मीटर आणि मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर). लीकेज क्लॅम्प महाग येतो, पण झिरी मारायचं मशीन आणि हॅमर विकून टाका, निम्मे पैसे सुटतील. (मी माझं मशीन दोन वर्षं भावनेपोटी माळ्यावर ठेवलं होतं. गंजलं.) मेगरचं एक लक्षात ठेवा: ५०० व्होल्टवर टेस्ट करण्याआधी एलईडी, इन्व्हर्टर, टीव्ही सगळं सोडवून घ्या, नाहीतर शोधायला गेलात फॉल्ट आणि भरून द्याल टीव्ही. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर गडबड आहे. आकडे गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितल्याचे पैसे द्यायला लोकांना जड जातं, कागदाचे देतात. हल्ली नवीन फ्लॅटचा ताबा घेण्याआधी तपासून मागणारेही भेटतात, विशेषतः आयटीतली मंडळी. अर्थिंग खरंच आहे की सॉकेटला नुसतीच तिसरी भोकं आहेत, आरसीसीबी टेस्ट बटणावर उडते का, डीबीवर नावं बरोबर आहेत का, एवढं बघितलं तरी त्यांचं समाधान होतं आणि आपला एक तास सत्कारणी लागतो.

आता परवाना. तुमच्याकडे कोणता आहे ते लिहिलं नाहीत. किरकोळ बदल, म्हणजे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, सोडले तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं. महावितरणला द्यायचा टेस्ट रिपोर्टही परवानाधारकाच्याच सहीने जातो. आणि ठेकेदारीचा परवाना टिकवायला पदरी पर्यवेक्षक लागतो. म्हणजे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाची ठेकेदारांना गरज असते, त्याचे गुडघे कसे का असेनात. तुमच्याकडे फक्त वायरमनचा परवाना असेल तर पुढची पायरी गाठता येते का, ते विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन विचारा. शिक्षण आणि अनुभव यांनुसार अटी बदलतात, त्यामुळे एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आणि एक सावधगिरी: नुसती सही विकू नका. "तुम्ही यायची गरज नाही, फक्त सही द्या" म्हणणारे भेटतील. शॉक लागून कोणी गेलं तर पोलीस सहीवाल्याचं दार ठोठावतात.

रोज बाहेर जायची तयारी असेल तर भोसरी-चाकणकडे कंट्रोल पॅनेल बनवणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. तिथे टेबलावर काम: लग क्रिम्पिंग (वायरच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवणं), फेरूल (वायरचा नंबर दाखवणारी नळी) घालणं, ड्रॉइंगप्रमाणे कंट्रोल वायरिंग, टेस्टिंग. घरगुती वायरिंगवाल्याला सुरुवातीला ड्रॉइंग वाचणं आणि कॉन्टॅक्टर-रिलेचं (विजेनेच चालू-बंद होणाऱ्या स्विचचं) डोकं बसवावं लागतं. दोन-तीन महिने विशीतल्या पोरांच्या हाताखाली काढायची तयारी ठेवा. नजर मात्र हवी. आधी चष्म्याचा नंबर करून घ्या, छोट्या टर्मिनलला तपकिरी आणि लाल वायरची गल्लत होते.

मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळणं) हेही बसून करायचं काम आहे, पण या वयात नव्याने शिकायला मी सांगणार नाही. आधीपासून हात बसला असेल तरच.

सोलरची हवा आहे म्हणून बरेच जण तिकडे वळायला सांगतील. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर ३ किलोवॅट किंवा जास्त बसवलं तर ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे काम आहे हे खरं. पण पॅनेल चढवणं म्हणजे भर उन्हात गच्ची, लोखंडी जिना, वजन. आपल्यासाठी तेच नको आहे. त्यातलं आपल्याला जमेल ते म्हणजे साइट बघून येणं: सावली कुठून पडते, मीटरपासून केबल कशी आणायची, अर्थिंग कुठे घ्यायचं, सँक्शन लोड (महावितरणने मंजूर केलेला वीजभार) किती. एखाद्या सोलरवाल्याशी साइटमागे दर ठरवून हे करता येतं. गच्चीवर एकदा चढावं लागेल, पण एकदाच.

दुकानाबद्दल विचाराल तर मी टाकलं होतं. इलेक्ट्रिकल सामानाचं, चौदा महिने चाललं. जास्त माल घ्यायचा असला की गिऱ्हाईक गाडी काढून तापकीर गल्लीला, पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारात जातं, आणि आपल्याकडे येतं ते रविवारी रात्री एका होल्डरसाठी. ओळखीचे इलेक्ट्रिशियन उधारीवर माल नेतात आणि मग रस्ता बदलतात. ज्याला तोंडावर "नाही" म्हणता येत नाही त्याने दुकान टाकू नये. मला येत नाही.

शिकवणं मला स्वतःला सगळ्यात आवडलं. सरकारी आयटीआयमध्ये निदेशक व्हायला ठरावीक पात्रता लागते, तासिका तत्त्वावरही लागते, तेव्हा औंधच्या आयटीआयकडे आशेने बघण्याआधी तुमची कागदपत्रं बघा. पण खासगी आणि संस्थांच्या प्रशिक्षण केंद्रांना प्रॅक्टिकल घेणारा जुना माणूस हवा असतो. मी आठवड्यातून दोन दिवस जातो. पैसे बेताचे. पोरांना मोबाइलवर सगळं माहीत असतं, फक्त सिरीज लॅम्प (फॉल्ट तपासायचा दिवा) कसा लावायचा ते माहीत नसतं. तिथूनच मला हेल्परही मिळाले. वर चढायचं काम त्यांचं, खालून सांगायचं माझं, मजुरी निम्मी-निम्मी. पोरगा तयार झाला की वर्षा-दोन वर्षांत तुमची चार गिऱ्हाइकं घेऊन निघून जातो. जाऊ द्या, आपणही तेच केलं होतं.

योजनांसाठी उगाच चपला झिजवू नका. पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत इलेक्ट्रिशियन नाही. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन या दोन्हींत शिरायचं वय ४० पर्यंतच, म्हणजे आपली गाडी गेली. पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी ६० वर्षांपर्यंत होते आणि बांधकामावरचं वायरिंग त्यात धरतात. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुम्ही अजून साइटवर जाताय तोवरच तो दाखला ठेकेदाराकडून घेऊन ठेवा. काम सुटल्यावर तो फोन उचलत नाही, अनुभवाने सांगतो.

आणखी नेमकं सांगायचं तर तीन गोष्टी कळवा: परवाना कोणता आहे आणि त्याची मुदत कधी संपते, थ्री फेजवर हात कितपत बसलाय, आणि कात्रजहून भोसरीला रोज बसने जायची तयारी आहे का. डाव्या खांद्याचंही लिहा. माझा उजवा गेल्यावर सगळा भार डाव्यावर टाकला होता, आता तोही कुरकुरतो.