डिफॉल्ट दाखवा, पण हॅश लावून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा सर्व्हर तुमच्याकडं आलाय, सीनियर म्हणतात डिफॉल्ट (आपण काही न लिहिता प्रोग्राम आपणहून धरतो ती व्हॅल्यू) असली तरी प्रत्येक सेटिंग कॉन्फिग फाइलमध्ये लिहून टाका, आणि तुम्हाला फाइल रिकामी ठेवायचीय. माझं मत दोघांपेक्षा जरा वेगळं आहे.

चालू ओळ, म्हणजे सुरुवातीला हॅश (#) नसलेली, प्रोग्राम वाचतो ती ओळ, लिहिली की व्हॅल्यू तिथंच गोठते. ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) 7.0 मध्ये (2015) रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं, पासवर्डनं लॉगिन डिफॉल्टनं बंद झालं. ज्यांनी 'परमिटरूटलॉगिन यस' ही ओळ "डिफॉल्टच तर आहे, राहू दे" म्हणून लिहून ठेवली होती, त्यांच्याकडं अपग्रेडनंतरही रूटचं दार सताड उघडं. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी केलेली सुधारणा तुमच्यापर्यंत पोचलीच नाही.

आणि फाइल पार रिकामी ठेवली तर काय काय बदलता येतं हेच नव्या माणसाला कळत नाही. म्हणून ओपनएसएसएचची मूळ फाइल करते तेच बरं: ऑप्शन डिफॉल्टसकट लिहायचा, ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे माणसाला ती दिसते पण प्रोग्राम ती सोडून देतो. मग बिनहॅशची ओळ दिसली की समजायचं, इथं कुणीतरी ठरवून हात घातलाय. आपल्याकडं सोलापुरात याला जास्तच मोल आहे, कारण सर्व्हर सांभाळणारा पोरगा हाताशी येतो न येतो तोच पुण्याला जातो. मागं राहते ती फाइल. तिच्यात सगळ्याच ओळी चालू असल्या, तर खरे चार बदल शोधताना पुढच्याचा दिवस जाणार.

सीनियरांचं म्हणणं खरं ठरतं ते डेटाच्या बाबतीत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 5.7 चा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट (कुठली अक्षरं साठवता येतात ते ठरवणारी सेटिंग) लॅटिन1 होता, 8.0 मध्ये (2018) तो यूटीएफ8एमबी4 झाला. लॅटिन1 च्या कॉलमात देवनागरी बसतच नाही. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाकलं की एरर, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. असली सेटिंग आजच्या डिफॉल्टशी जुळत असली तरी चालू ओळ म्हणून लिहा, आणि शेजारी कारणही. कारण नसलेली ओळ वर्षभरानं हलवायला कुणी धजत नाही.

हॅशवाल्या ओळीवरही आंधळा विश्वास नको. ती फाइल ज्या व्हर्जनसोबत आली, त्याच व्हर्जनपुरती ती खरी. पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या दुसऱ्या डेटाबेसच्या 14 मध्ये (2021) पासवर्ड एन्क्रिप्शनचा डिफॉल्ट एमडी5 या जुन्या पद्धतीवरून स्क्रॅम-शा-256 या नव्या पद्धतीवर गेला. जुनी फाइल तशीच पुढं नेली असेल तर हॅशवाली ओळ एमडी5 म्हणते आणि सर्व्हर स्क्रॅम वापरतो. (डेटाबेसला जोडणारा जुना ड्रायव्हर नव्या पासवर्डवर अडला की आधी हे बघा.) आणखी एक: पोस्टग्रेसमध्ये ओळीला परत हॅश लावला म्हणून डिफॉल्ट लगेच येत नाही, रीलोड करावं लागतं, काही सेटिंगना तर रीस्टार्टच.

म्हणून खरं काय चालू आहे ते प्रोग्रामलाच विचारायचं. ओपनएसएसएचमध्ये 'एसएसएचडी -टी' ही कमांड लागू असलेल्या सगळ्या सेटिंग छापते, यातला टी कॅपिटल. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये 'पोस्टकॉन्फ -डी' डिफॉल्ट दाखवतं आणि 'पोस्टकॉन्फ -एन' फाइलमध्ये लिहिलेलं तेवढंच. पोस्टग्रेसच्या 'पीजी_सेटिंग्ज'मधला 'सोर्स' कॉलम व्हॅल्यू कुठून आली ते सांगतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मात्र इथं कच्चा: कॅपिटल टी दिला तरी फाइलमधलंच छापतो. अपलोडची 1 एमबीची मर्यादा त्यात दिसत नाही, आणि मोठी स्कॅन पीडीएफ 413 (फाइल फार मोठी) या एररनं परत येते.

सीनियरांशी वाद घालण्याआधी हे आउटपुट काढून ठेवा. डेटाला धरून असलेल्या ओळी चालू ठेवा, बाकी डिफॉल्टशी जुळणाऱ्यांना एकेक करून हॅश लावा, आणि कारखान्याचं बिलिंग बंद झाल्यावरच रीस्टार्ट करा.