मुलगी दहावीत आहे, एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचं म्हणते. तिथे मुलींना खरंच मुलांसारखं ट्रेनिंग मिळतं की सगळं फोटोपुरतं?

फोटोपुरतं नाही. मी पुण्यात एनडीएच्या परीक्षेचं गणित शिकवते, आत कधी राहिलेली नाही, तेव्हा जे सांगतेय ते कुंपणाबाहेरून पाहिलेलं. ऑगस्ट 2022 मध्ये 148व्या कोर्सला 19 मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी खेत्रपाल मैदानावरून पास आउट झाल्या. सहा टर्म, तीन वर्षं, मुलांना तेवढीच त्यांनाही. शारीरिक चाचणीचे काही निकष तेवढे वेगळे, बाकी ड्रिल, वर्ग, कॅम्प बरोबरीनं.

पण मला विचाराल तर पहिल्या तुकडीची कसोटी गेटच्या आत जायच्या आधीच लागली. मुलींना परीक्षेला बसू द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा हंगामी आदेश 18 ऑगस्ट 2021 चा. सरकारचं म्हणणं, तयारीला वेळ हवा, पुढच्या वर्षापासून घेऊ. 22 सप्टेंबरला कोर्टानं ते ऐकून घेतलं नाही. 24 तारखेला मुलींसाठी फॉर्म सुरू झाले आणि पेपर 14 नोव्हेंबरला! मुलगे अकरावीपासून जे घोटत होते, ते या मुलींनी सात आठवड्यांत उरकायचं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एक मुलगी आली. कॉमर्सची, दहावीनंतर त्रिकोणमितीचं तोंड न पाहिलेली. पहिल्या सराव पेपरात 120 पैकी 90 प्रश्न तिनं धडाधड सोडवले. बरोबर 26, चूक 64. एका बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं की पाऊण गुणाच्या वर कापतात, त्यामुळे 300 पैकी हातात उरले जेमतेम 12. मला वाटलं, आता ही काही परत येत नाही. तर म्हणाली, "मॅडम, आधी प्रश्न सोडून द्यायला शिकवा." नोव्हेंबरपर्यंत ती शंभरीच्या आसपास आली होती. लेखी पास झालेल्या हजारभर मुलींत तिचं नाव नव्हतं, आणि पुढच्या खेपेला वय बसेना. त्या 17 जणींच्या पास आउट परेडच्या दिवशी तिनं मला 'अंतिम पग'चा व्हिडिओ पाठवला. कॅडेट संथ पावलांनी एनडीएतली ती शेवटची पायरी ओलांडून जातात, तो. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तुमच्या मुलीकडे दोन वर्षं आहेत. आर्मीला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतंच. म्हणून अकरावीला गणित सोडू देऊ नका. (आर्मीसाठीसुद्धा 300 गुणांचा गणिताचा पेपर आहेच, हे लोक सोयीस्कर विसरतात.) मुलींच्या जागा अजून फार थोड्या. इन्फंट्री आणि रणगाडे मुलींना बंदच आहेत, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. नाशिकला राज्य सरकारची मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, अकरावी-बारावी तिथे करता येते. तिचा फॉर्म दहावीत असतानाच भरावा लागतो, तेव्हा जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि पळायला उद्यापासूनच लावा, बोर्डाची परीक्षा संपायची वाट बघू नका.