अंक हातात घेऊनच नोंद कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आग्नेय आशियाविषयक नियतकालिकांच्या लेखसूचीचे काम तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. परंतु त्याच पत्रात, सगळे संगणकावर शोधता येत असताना नुसती अनुक्रमणिकेची पाने उतरवून घेतली तर चालेल का, असे तू विचारलेस आणि मी अस्वस्थ झालो. चालणार नाही. अंक हातात घ्यायचा, लेख उघडायचा, वाचायचा आणि मगच नोंद करायची.

इंडोनेशियाने १९७२ साली लेखनपद्धती बदलली तेव्हा चिरेबोन या तिथल्या शहराच्या नावाचे पहिले रोमन अक्षर 'टी' होते ते 'सी' झाले आणि जकार्ताचे 'डी' होते ते 'जे' झाले. आजच्या रूपाने शोधणाऱ्याला १९५५ सालचा लेख कसा सापडावा? जुने आणि नवे रूप एकमेकांना जोडणारी 'पाहा' नोंद कुणीतरी जाणत्या माणसानेच करावी लागते. थायलंडच्या अंकावर २५१३ हे साल दिसले तर ते बौद्ध संवत्सर आहे, म्हणजे आपले १९७०. इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो यांचे नाव एकशब्दी आहे, तिथे आडनाव शोधू नकोस. संयुक्त राष्ट्रांचे एकेकाळचे सरचिटणीस ऊ थांट यांच्या नावातला 'ऊ' हे तर ब्रह्मी भाषेतले आदरार्थी संबोधन. त्याला नाव समजणे म्हणजे आपल्याकडच्या 'श्री'ला नाव समजण्यासारखे आहे. हे अनुक्रमणिका सांगत नाही, अंक सांगतो.

मी हे कशामुळे शिकलो तेही लिहितो. उमेदीच्या काळात वरिष्ठांना महिन्याकाठी नोंदींचा आकडा हवा असे आणि मी तो अनुक्रमणिकेवरून भरत असे. एका लेखाला मी 'ब्रह्मदेश – इतिहास' एवढेच विषयशीर्षक देऊन मोकळा झालो. १८८६ साली रत्नागिरीस आणलेल्या आणि १९१६ साली तिथेच वारलेल्या थिबा राजाच्या बंदिवासावर त्या लेखात कितीतरी पाने होती, पण मथळ्यात रत्नागिरीचे नावच नव्हते. याच विषयाचा एक वृद्ध अभ्यासक कोकणातून दोनदा आमच्याकडे आला आणि दोनदा रिकाम्या हाताने परतला. तो लेख माझ्या दृष्टीस पडला तो पुढे खंडांची बांधणी करताना, आणि तोवर ते गृहस्थ हयात नव्हते.

त्यानंतर मी न पाहिलेल्या अंकाची एकही नोंद केली नाही. माझा आकडा घटला, बढती दुसऱ्याला मिळाली आणि घरीही बोलणी खाल्ली. मी हट्टी होतो असे आजही म्हणतात, पण माझ्या कार्डांवर विसंबून कुणाचा हेलपाटा झाला असे त्यानंतर माझ्या कानावर आले नाही आणि मला तेवढे पुरे आहे.

तू हुशार आहेस, म्हणूनच तुझी घाई मला खटकते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या सिंगापूरकडच्या नियतकालिकापासून सुरुवात कर. १८७८ पासून ते स्ट्रेट्स शाखेचे, १९२३ पासून मलायन शाखेचे आणि १९६४ पासून मलेशियन शाखेचे म्हणून निघाले. तिन्ही नावे एकमेकांना जोडून घे. खंड जड आहेत, कागद ठिसूळ झाला असेल, तरी प्रत्येक अंक कपाटातून स्वतः काढ. पहिल्या दहा नोंदी झाल्या की मला पाठव, आणि प्रत्येक नोंदीखाली लेखाच्या शेवटच्या पानावर काय आहे ते एका ओळीत लिही.

तुझा,
काका