मोरचूद की बाटलीतले ताम्रौषध?

प्रश्न : मी खाऱ्या पाण्यातले मासे पाळतो. नव्याने आणलेले दोन क्लाउनफिश आणि एक ब्लू टँग 80 लिटरच्या क्वारंटाइन टाकीत ठेवले असून चौथ्या दिवशी टँगच्या परांवर पांढरे ठिपके दिसू लागले. घरी द्राक्षबागेसाठी आणलेला मोरचूद आहे. दुकानदार क्युप्रामिन हे बाटलीतले तांब्याचे औषध घ्या म्हणतो, तर मित्र कॉपर पॉवर हे तसलेच दुसरे औषध सुचवतो. काय वापरावे? टाकीच्या तळाशी प्रवाळाची वाळू आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मोरचुदातही तांबेच असते आणि तेही पांढरे ठिपके आणणारे परजीवी मारते. परंतु आपल्या टाकीत लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तांबे ही मात्रा साधायची, तर अवघा 63 मिलिग्रॅमच्या आसपास मोरचूद लागेल. एवढे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होत नाही, आणि शेतीसाठीच्या मालात आणखी काय मिसळलेले आहे हे पुडीवरून कळत नाही. शिवाय समुद्री पाण्यात हे सुटे तांबे कार्बोनेटशी संयोग पावून खाली बसते, त्यामुळे दिवसातून दोनदा मोजून भर घालावी लागते. द्राक्षबागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी तो उत्तम, इथे नको.

उरलेल्या दोघांत मोठा फरक आहे आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. क्युप्रामिनमधले तांबे अमाइनशी बांधलेले असते आणि त्याची उपचारमात्रा लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम असते. कॉपर पॉवरमधले तांबे चिलेट केलेले, म्हणजे अधिक घट्ट धरलेले असते, म्हणून तिथे 2 ते 2.5 मिलिग्रॅम लागतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला, तर एकीकडे परजीवी सुखाने जगतात आणि दुसरीकडे मासे दगावतात. टँग तांब्याला नाजूक असल्याने, आणि थोडी चूक पचवणारे म्हणून, मी चिलेट केलेले औषध निवडेन. मात्र औषधाआधी मोजणी घ्या. रंगपट्टीच्या किटवर 2 आणि 2.5 यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, तेव्हा 5 मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल कॉपर चेकर मिळवा. तो परवडत नसेल तर तांब्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळू आजच काढा. प्रवाळाची वाळू तांबे शोषते आणि मात्रा गुपचूप खाली येते. स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेत. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तोही तांबे शोषतो. अमोनिया वाढल्यास पाणी बदला, आणि नव्या पाण्यातही तेवढेच तांबे आधी मिसळा. अमोनिया बांधणारी क्षपणकारक (रिड्यूसिंग) द्रावणे, विशेषतः क्युप्रामिनसोबत, कदापि घालू नयेत, कारण तांबे त्यामुळे अधिक विषारी होते.

मात्रा दोन-तीन दिवसांत चढवा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीखाली असताना किंवा तळाशी कवचात असताना तांब्याला दाद देत नाही. पाण्यात पोहणारी त्याची पिल्लेच तेवढी मरतात. म्हणून ठिपके आठवड्यात गेले तरी पूर्ण 30 दिवस मात्रा टिकवावी, आणि मध्ये ती घसरली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. ठिपक्यांऐवजी पिठासारखी बारीक धूळ दिसली आणि मासे धापा टाकू लागले, तर तो वेल्वेट हा दुसऱ्या परजीवीचा रोग असण्याची शक्यता असते. तिथे इतका सावकाशपणा परवडत नाही. फ्लूक या कृमींवर मात्र तांबे निरुपयोगी आहे, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागते.

मासे मुख्य टाकीत हलवताना क्वारंटाइनचे पाणी आणि स्पंज तिकडे नेऊ नका, कारण कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना तांब्याचा अंशही घातक ठरतो.