पोर्ट्रेट काढताना सगळ्यांचे चेहरे सारखेच ठोकळेबाज येतात. वेगवेगळे हावभाव टिपायला काय करावं?

'स्माइल प्लीज' म्हणणं आधी बंद करा. ते ऐकलं की माणूस ओठ ताणतो आणि डोळे कोरडेच राहतात. फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन फोटो काढले होते, १८६२ साली ते छापलेही. त्याचं निरीक्षण असं की ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू सांगितल्यावर हलतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खरं हसू आल्याशिवाय सहसा हलत नाही. म्हणून मी हावभाव मागत नाही, काहीतरी करायला देतो.

माझा आवडता खेळ म्हणजे 'हो का?' एवढे दोनच शब्द. आधी टोमणा मारल्यासारखं म्हणायचं, मग खरंच आश्चर्य वाटल्यासारखं, मग रुसून, मग शेजारणीने भलतीच बातमी आणल्यासारखं. (आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.) बोलत असताना क्लिक केलं तर तोंड वेडंवाकडं येतं. शब्द संपून ओठ मिटत असतात तेव्हा करा. माझी मावशी कॅमेरा दिसला की पदर सावरून पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसते. तिला रुसून म्हणायला लावलं. एक भुवई वर गेली, खालचा ओठ जरासा पुढे आला आणि लगेच तिचं तिलाच हसू फुटलं. ठेवण्यासारखा फोटो निघाला तो या दोन्हींच्या मधला, भुवई अजून रुसलेली आणि गाल हसायला लागलेले.

दुसरी युक्ती: 'झालं, मस्त आला' म्हणून कॅमेरा थोडा खाली घ्या, पण बोट शटरवरच असू द्या. रोखलेला श्वास सुटतो, खांदे उतरतात. घ्या तेव्हाच.

चिडका चेहरा हवा असेल तर यूसुफ कार्श या पोर्ट्रेट फोटोग्राफरने १९४१ मध्ये कॅनडातल्या ओटावात काय केलं ते ऐका. त्याने चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि लगेच शटर दाबलं. त्याच बैठकीत पुढे हसरा फोटोही निघाला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो खवळलेलाच. गिऱ्हाइकावर मात्र हा प्रयोग नको!

कॅमेऱ्याचं फार डोकं लावू नका. ट्रायपॉड, खिडकीचा उजेड, फ्रेम कायम. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास, फोकस जवळच्या डोळ्यावर. बाकी काही बदललं नाही तरच फक्त चेहऱ्यातला फरक दिसतो. फोटो शेजारी शेजारी लावून तळहाताने तोंडाचा भाग झाका आणि नुसते डोळे बघा. नकली हसू तिथेच पकडलं जातं.

निवड त्याच दिवशी समोरच्यावर सोपवू नका, तो हमखास सगळ्यात मिळमिळीत फोटो उचलतो. पण वेडावाकडा चेहरा कुठे टाकायचा असेल तर आधी त्याला विचारा.